क्रूझवरून सेंट मार्टिनला उतरताना: किनाऱ्यावरचा एक दिवस कसा आखायचा

मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरलहून सुटणाऱ्या पूर्व कॅरिबियनच्या क्रूझवर सेंट मार्टिन बहुतेक वेळा असतंच. आठवडाभराच्या त्या प्रवासात जमिनीवर पाय ठेवायला मिळतो तीन, फार तर चार दिवस. त्यातला एक या बेटाचा. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी हल्ली आई-बाबा भारतातून आले की त्यांना हौसेने क्रूझला नेतात, आणि मग फोन येतात. पासपोर्ट खाली न्यायचा का? टॅक्सीवाला किती घेईल? आईला शाकाहारी काय मिळेल? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: उशीर झाला आणि जहाज निघून गेलं तर?

म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते. जहाज कुठल्या कंपनीचं आहे याने यात फारसा फरक पडत नाही.

आधी बेटाची थोडी ओळख करून घ्या, कारण पुढच्या अनेक गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. अवघ्या ८७ चौरस किलोमीटरच्या या बेटावर १६४८ च्या करारापासून दोन सत्ता नांदतात. दक्षिणेचा भाग डच राज्याचा, नाव सिंट मार्टेन, राजधानी फिलिप्सबर्ग. जहाजं लागतात ती इथे. उत्तरेचा, आकाराने मोठा भाग फ्रान्सचा, त्याचं मुख्य गाव मारिगो. मध्ये कुंपण नाही, चौकी नाही. रस्त्याच्या कडेला फलक, झेंडे आणि १९४८ साली कराराला तीनशे वर्षं झाली म्हणून उभारलेला एक स्तंभ, एवढीच सीमेची खूण.

१. पैसे भरण्याआधी व्हिसा तपासा

सगळ्यात महागात पडणारा घोटाळा किनाऱ्यावर होत नाही, तो घरी बसून तिकीट काढताना होतो. अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येणाऱ्या क्रूझसाठी ‘पासपोर्ट लागत नाही, जन्मदाखला आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र चालतं’ असं ऑफिसातले सहकारी सांगतात. ते खरं आहे, पण फक्त अमेरिकी नागरिकांसाठी. भारतीय पासपोर्टवर असलेल्यांना ती सवलत नाही. तुम्ही समुद्रात गेलात म्हणजे अमेरिका सोडलीत, आणि परत आलात म्हणजे नव्याने प्रवेश मागितलात, हा हिशोब डोक्यात पक्का ठेवा.

आता एकेक प्रकार बघू.

आई-बाबा बी-१/बी-२, म्हणजे पाहुणे म्हणून येण्याच्या व्हिसावर आले असतील तर व्हिसावर ‘एंट्रीज’ या शब्दाखाली ‘एम’ आहे ना, म्हणजे अनेकदा प्रवेश करता येतो ना, ते बघा. क्रूझ करून परत आलं की सहा महिने नव्याने मिळतात, असं समजून भारताचं परतीचं तिकीट पुढे ढकलू नका. जवळच्या बेटांवर थोडे दिवस जाऊन आलेल्यांना अधिकारी बऱ्याचदा आधीच्याच मुदतीचे उरलेले दिवस देतात.

एच-१बी वाल्यांनी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी, पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का बघायचा, नुसती मंजुरीची नोटीस नाही. शिक्क्याची मुदत संपली असेल आणि तुम्ही ‘कॅनडाला जाऊन तसंच परत येता येतं’ या ऐकीव माहितीवर विसंबून असाल, तर इथेच थांबा. ती सोय एच-१बी साठी कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (शैक्षणिक देवाणघेवाण) व्हिसावाल्यांना मिळते, तीही अटींसह. एफ-१ वर असलेल्यांनी आय-२० या कॉलेजने दिलेल्या कागदावर प्रवासाची ताजी सही घ्यायची आणि कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारायचं.

ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल, म्हणजे आय-४८५ भरलेला असेल, तर वकिलाशी बोलल्याशिवाय क्रूझचं तिकीट काढू नका. परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं तर तो अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड हातात असेल तर मूळ कार्ड आणि भारतीय पासपोर्ट, दोन्ही न्या.

हा झाला अमेरिकेत परत येण्याचा भाग. बेटांचे नियम वेगळे. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी प्रत्येक बंदराचा नियम काय, हे क्रूझ कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सेंट मार्टिनच्या बाबतीत डच आणि फ्रेंच, दोन्ही बाजूंबद्दल स्वतंत्रपणे विचारा. रस्त्यात कुणी अडवत नाही म्हणजे जायला परवानगी आहे, असा अर्थ होत नाही. उत्तर नीट मिळालं नाही तर डच बाजूलाच राहा. एका दिवसाला ती बाजू पुरून उरते.

याच वेळी प्रवास विमाही बघा. आई-बाबांचा अमेरिकेसाठी घेतलेला विमा बेटावर आणि जहाजावरच्या दवाखान्यात लागू होतो का, हा प्रश्न विमा कंपनीला सरळ विचारा. बऱ्याच पॉलिसी होत नाहीत.

२. पिशवीत काय हवं

सकाळी केबिनमधून निघताना ही यादी एकदा वाचा:

- प्रत्येकाचं जहाजाचं कार्ड
- फोटो असलेलं एखादं मूळ ओळखपत्र. बंदराच्या फाटकातून परत आत शिरताना कार्डाबरोबर हे दाखवावं लागतं
- पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची छापील प्रत, शिवाय फोनमध्ये फोटो
- जहाजावरच्या रोजच्या पत्रकाचं पान किंवा त्याचा फोटो. त्यावर जहाजाच्या स्थानिक एजंटचं नाव आणि फोन नंबर असतो
- एक, पाच आणि दहा डॉलरच्या सुट्या नोटा, एक क्रेडिट कार्ड
- आई-बाबांची त्या दिवसाची आणि आणखी एका दिवसाची औषधं
- पाणी, टोपी, सनस्क्रीन, पाण्यात चालणाऱ्या चपला, एक कोरडा कपड्यांचा जोड
- हातात घालायचं साधं घड्याळ

मूळ पासपोर्ट खाली न्यायचा की नाही, यावर लोक तावातावाने वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे: त्या बंदरात तो लागेल असं जहाजाने सांगितलं असेल तरच न्या, नाहीतर केबिनच्या तिजोरीत ठेवा. समुद्रकिनाऱ्यावर पिशवी सोडून पाण्यात जायचं असतं. तिथे पासपोर्ट हरवला तर भारतीय नागरिकाला नवा पासपोर्ट, मग नवा व्हिसा, असं सगळं सुरुवातीपासून करावं लागतं.

पैशांची चिंता करू नका. डच बाजूला ३१ मार्च २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर हे नवं चलन आलं आहे, पण अमेरिकी डॉलर सगळीकडे चालतो आणि भावही बहुतेक ठिकाणी डॉलरमध्येच सांगतात. फ्रेंच बाजूला युरो. तिथेही डॉलर घेतात, पण कुठल्या दराने ते आधी विचारा.

जहाजाच्या बुफेमधली फळं, सँडविचं, शिजवलेलं अन्न किनाऱ्यावर न्यायला सहसा मनाई असते. कंपनीचं सीलबंद पाकीट असलेली बिस्किटं चालतात.

३. कुणाचं घड्याळ खरं ते ठरवा

जहाजाचं घड्याळ. बस.

उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची अमेरिकेतली पद्धत सेंट मार्टिनला नाही. त्यामुळे हिवाळ्यात बेट फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं आणि उन्हाळ्यात दोघांची वेळ एकच. काही जहाजं बेटाची वेळ लावतात, काही निघाल्या बंदराचीच ठेवतात. हिवाळ्यात जहाजाने बेटाची वेळ लावली, पण तुमचा फोन विमान-मोडमध्ये फ्लोरिडाच्या वेळेवर राहिला, तर तुम्ही निवांत तीन वाजले समजत बसाल आणि जहाजावर चार वाजलेले असतील. म्हणून मनगटी घड्याळ. आदल्या रात्री पत्रकात वेळ वाचा, घड्याळ लावा, आणि घरातल्या प्रत्येकाला तेच घड्याळ मानायला सांगा.

फोन समुद्रावर विमान-मोडमध्येच ठेवा. जहाजावरचं मोबाइल नेटवर्क तुमच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये सहसा धरलेलं नसतं आणि बिल डोळे पांढरे करणारं येतं.

४. दिवस शेवटाकडून मोजत या

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर ही सांगितली असती. पत्रकात लिहिलेलं असतं: आगमन सकाळी ८, प्रस्थान संध्याकाळी ५. माणूस नऊ तास हाताशी धरतो आणि चार ठिकाणं ठरवतो. तसं करू नका, उलटं मोजा.

प्रस्थान ५ ला, म्हणजे सगळे प्रवासी जहाजावर असायची वेळ साधारण ४:३०. काही जहाजं एक तास आधी बोलावतात, ते पत्रकात बघा. चार-पाच जहाजं लागलेल्या दिवशी बंदराच्या फाटकावर आणि तपासणीला रांग लागते, म्हणून फाटकावर ३:३० ला पोहोचायचं. बेटाच्या पश्चिम टोकाहून फिलिप्सबर्गला यायला रस्ता मोकळा असेल तर अर्धा-पाऊण तास, नसेल तर त्याच्या दुप्पट. बहुतेक वेळा रस्ता मोकळा नसतो. त्यात वाटेतला सिम्प्सन बे चा पूल बोटींसाठी दिवसातून काही वेळा उचलतात आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. म्हणजे तिकडून २:१५ ला निघायलाच हवं.

आता सकाळची बाजू. आठला जहाज लागलं तरी बेटाच्या अधिकाऱ्यांची परवानगी येऊन, लिफ्टची गर्दी ओसरून, लांबच लांब धक्का चालून बाहेर पडेपर्यंत नऊ वाजतात. कागदावरच्या नऊ तासांचे हातात आले पाच.

पाच तासांत लांबचं एक ठिकाण आणि धक्क्याजवळचं एक, एवढंच सुखाने होतं. लांबचं आधी, जवळचं नंतर. हा क्रम कधीही उलटू नका. वेळ कमी पडला तर जवळचं सोडता येतं आणि तोवर तुम्ही जहाजापाशी आलेले असता.

५. लांबचं ते एक ठिकाण कोणतं?

*माहो.* डोक्यावरून विमान जातं तो किनारा हाच. प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाची धावपट्टी वाळूपासून एका रस्त्याच्या अंतरावर सुरू होते. वारा बहुतेक पूर्वेकडून असल्याने विमानं समुद्रावरून, किनाऱ्यावरच्या माणसांच्या अगदी वरून येऊन उतरतात. लहान मुलं असतील तर हे दाखवाच. जुन्या फोटोंत दिसणारं केएलएम या डच कंपनीचं अवाढव्य बोइंग ७४७ मात्र २०१६ पासून इथे येत नाही. छोटी विमानं दिवसभर येत-जात असतात, अमेरिकेहून येणारी दुपारच्या सुमारास आणि युरोपहून येणारी मोठी सहसा त्याहून उशिरा. आपल्या तारखेच्या वेळा विमानतळाच्या संकेतस्थळावर आधी बघा. तिथे गेल्यावर शेजारच्या बारपाशी उभ्या सर्फबोर्डावरही त्या लिहिलेल्या असतात. तुमच्या २:१५ नंतर येणारं विमान कितीही मोठं असो, ते आपलं नाही असं समजा.

उतरणारं विमान बघणं ठीक. उड्डाण करणाऱ्या विमानाच्या मागे, कुंपणाला धरून उभं राहायचा खेळ काही पर्यटक खेळतात, तो कधीही खेळू नका. इंजिनाचा झोत माणसाला उचलून फेकतो. जुलै २०१७ मध्ये एका पर्यटक बाईचा तिथे याच कारणाने मृत्यू झाला. फलक लावलेले आहेत, ते गंमत म्हणून लावलेले नाहीत. मुलांचा हात धरून बाजूला उभे राहा.

माहोला लाटाही जोरात असतात. पोहायचं असेल तर तिथून चालत जाण्याजोगा मलेट बे चा किनारा आहे. रुंद, मऊ वाळूचा, कडेला झाडांची सावली असलेला. बाबा सावलीत बसतील, मुलं पाण्यात खेळतील. मला स्वतःला माहोपेक्षा मलेट बे जास्त आवडतो.

*ओरिएंट बे.* फ्रेंच बाजूचा लांबलचक किनारा, खाण्यापिण्याची उत्तम सोय. दोन गोष्टी माहीत असू द्या. त्याच्या दक्षिण टोकाला विवस्त्र फिरण्याची जुनी प्रथा आहे. आई-बाबांबरोबर असाल तर टॅक्सीवाल्याला किनाऱ्याच्या मधल्या किंवा उत्तरेच्या भागात सोडायला सांगा, म्हणजे कुणालाच अवघडल्यासारखं होणार नाही. दुसरं म्हणजे हा किनारा पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ इथे वाहून येतं. २०११ पासून कॅरिबियनभर हा त्रास वाढलाय आणि वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत जास्त असतो. निघण्याआधी ड्रायव्हरलाच विचारा, तो खरं सांगतो.

*मारिगो.* पाण्यात उतरायचं नसेल तर हे गाव छान. वर १७८९ चा फोर्ट लुई आहे, तिथून समोर अँग्विला बेट दिसतं. चढ लहान असला तरी पायऱ्या आहेत. बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो.

*कुठेच न जाता फिलिप्सबर्ग.* गुडघे दुखणारे आजी-आजोबा, तान्हं बाळ किंवा उशिरा लागणारं जहाज, यातलं काही असेल तर निःशंकपणे हे निवडा. ग्रेट बे चा किनारा गावाला लागूनच आहे, पाणी बऱ्यापैकी शांत, कडेने चालायला सुंदर फरसबंद रस्ता. मागे फ्रंट स्ट्रीट, त्यामागे बॅक स्ट्रीट. फ्रंट स्ट्रीटवर १७९३ साली बांधलेलं, शिखरावर अननस असलेलं जुनं कोर्ट आहे.

थोडं आणखी मागे गेलात तर मोठं मिठागर लागतं, ग्रेट सॉल्ट पाँड. ते न बघता परतू नका, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. १६३१ साली डच इथे आले ते मिठासाठी. त्या तळ्यात पिढ्यानपिढ्या उन्हात उभं राहून मीठ फोडलं ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी. फ्रेंच बाजूला गुलामगिरी १८४८ मध्ये संपली, डच बाजूला कायद्याने १८६३ मध्ये. मधली पंधरा वर्षं, आज आपण टॅक्सीतून नकळत ओलांडतो ती सीमा पार करणं म्हणजे माणसाने स्वतंत्र होणं होतं. गावातल्या वर्तुळाकार चौकात मीठ वेचणाऱ्यांचे पुतळे आहेत. टॅक्सीवाल्याला सांगा, तो गाडी हळू करून दाखवतो आणि बहुतेकदा त्याच्या घरची एखादी आठवणही सांगतो.

६. धक्क्यावरून बाहेर

बंदरापासून गाव चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. सकाळी चालायला हरकत नाही, दुपारच्या उन्हात नको. धक्क्यापासून ग्रेट बे पर्यंत वॉटर टॅक्सी म्हणजे छोटी होडी जाते. काही डॉलरांत दिवसभराचा पास मिळतो, तो मनगटाला बांधतात. होडीत चढताना एक पाय हलत्या कडेवर टाकावा लागतो, हे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी लक्षात घ्यावं. आणि तीननंतर परतीच्या होडीला मोठी रांग असते.

टॅक्सीला मीटर नसतो. भाडं सरकारने ठरवून दिलेलं असतं, ते दोन माणसांचं धरतात आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे थोडं वाढतं. स्टँडवर दरपत्रक मागा. बसण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: एकूण किती, डॉलरमध्ये ना, एकेरी की जाऊन-येऊन, आणि परत न्यायला किती वाजता येणार. जाऊन-येऊन ठरलं तर सगळे पैसे परत धक्क्यावर उतरल्यावर द्यायचे.

आणखी एक. इथे कुणाशीही बोलताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात, फ्रेंच बाजूला ‘बोंझूर’. मगच कामाचं बोलायचं. थेट ‘हाऊ मच?’ विचारलं तर ते उद्धट समजलं जातं. दोन शब्दांनी माणूस किती मोकळा होतो ते तुम्हीच बघा.

जहाजाची सहल घ्यावी की आपली आपण ठरवावी? जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवायची जबाबदारी घेतं. बाहेरच्या गाडीसाठी कुणी थांबत नाही. वयस्क मंडळी बरोबर असतील आणि ठिकाण लांबचं असेल तर जास्तीचे पैसे मोजायची माझी तयारी असते. फिलिप्सबर्ग किंवा मलेट बे साठी मात्र काही गरज नाही. स्वतः बाहेरून काही आरक्षित करणार असाल तर ‘जहाज बंदराला लागलंच नाही तर पूर्ण पैसे परत’ असं लिहिलंय ना ते बघा. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो, आणि एरवीही वाऱ्यामुळे कप्तान एखादं बंदर सोडून देऊ शकतो. भाड्याची गाडी पहिल्या खेपेला नकोच.

७. पाण्यात उतरण्याआधी

हे बेट साधारण आपल्या पुण्याच्या अक्षांशावर आहे, तेव्हा ऊन ओळखीचं वाटेल. पण समुद्रावरचा वारा सतत अंगावर असल्याने चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी खांदे लालभडक झालेले असतात. आपल्या सावळ्या कातडीलाही हे होतं. दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा.

बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. पाण्यात मुलांबरोबर एक मोठं माणूस हवंच आणि पिशव्यांपाशी दुसरं.

किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. चकचकीत हिरवी पानं, लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं. फळ विषारी, चीक अंगाला लागला तर फोड येतात. पाऊस आला म्हणून त्याच्या आडोशाला उभं राहू नका, पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही त्वचा भाजते. मुलांना सांगून ठेवा: खाली पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

खुर्ची-छत्रीचा भाव आधी ठरवा. ग्रेट बे ला शेजारी-शेजारी अनेक जण खुर्च्या मांडून असतात, थोडं पुढे चालत गेलं की भाव उतरतो.

तुमचं जहाज पुढे बार्बेडोस, अँटिगा किंवा सेंट लुशियाला जाणार असेल तर एक सूचना: तिथे लष्करी नक्षीचे हिरवे-तपकिरी कपडे सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे. मुलांच्या चड्ड्या-टोप्या तपासून घ्या.

८. शाकाहारी पोट

आईसाठी काय, याचं उत्तर सुखद आहे: रोटी मागा. १८३८ पासून गयानात आणि १८४५ पासून त्रिनिदादमध्ये ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांनी ही रोटी कॅरिबियनमध्ये रुजवली, आणि तिथून कामासाठी आलेल्या लोकांबरोबर ती या बेटावरही आली. डाळपुरी म्हणतात त्या रोटीत वाटलेली डाळ भरलेली असते, बिनगुळाच्या पुरणपोळीसारखी, आणि आत चणे-बटाट्याची रस्साभाजी गुंडाळून देतात. ‘चना अँड आलू, नो मीट’ एवढं सांगितलं की झालं. बॅक स्ट्रीटच्या बाजूच्या छोट्या खानावळींत चौकशी करा.

‘राइस अँड पीज’ नावावरून शाकाहारी वाटतो, पण तो बऱ्याचदा मांसाच्या तुकड्यांबरोबर किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. तळलेली केळी आणि जॉनी केक नावाच्या तळलेल्या पोळ्या चवीला चांगल्या, फक्त कशात तळल्यात ते विचारा. फ्रेंच बाजूला गेलात तर बेकरीतला ताजा पाव आणि चीज.

९. खरेदी

फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांची, घड्याळांची, कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत आणि त्यातली बरीच सिंधी व्यापाऱ्यांची. हिंदीत बोला, घासाघीस करा. जहाजावर ‘मोफत लॉकेट’चं कूपन मिळतं ते दुकानात ओढून न्यायला. त्यात तुमच्या पाच तासांतला एक तास जातो. सोनं घेण्याआधी कॅरेट विचारा: इथे बहुतेक माल १४ कॅरेटचा, आपल्याला सवय २२ ची. वस्तू मोठी असेल तर अमेरिकेतला भाव घरूनच लिहून न्या, ‘ड्यूटी फ्री’ म्हणजे स्वस्त असं नेहमी नसतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना परतताना साधारणपणे माणशी ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर जकात पडत नाही. पावत्या जपून ठेवा. ग्वाव्हाबेरी या लहान स्थानिक फळाचं मद्य ही इथली खासियत. बाटली घेतलीत तर जहाजावर चढताना ती काढून ठेवतात आणि शेवटच्या रात्री किंवा सकाळी परत देतात.

१०. उशीर होतोय असं दिसलं तर

रस्त्यात अडकलात की लगेच, वेळ टळायची वाट न बघता, पत्रकावरच्या एजंटला फोन करा. नाव, केबिन क्रमांक, कुठे आहात, किती माणसं, एवढं सांगा. जहाज थांबेलच असं नाही, पण तुम्ही येताय हे त्यांना कळलेलं असतं. खरंच सुटलं तर कर्मचारी बऱ्याचदा केबिनमधले पासपोर्ट काढून एजंटकडे देऊन जातात, म्हणून तिथून हलू नका, आधी त्याला भेटा. पुढच्या बंदराचा खर्च तुमचा. शिवाय भारतीय पासपोर्टवर पुढच्या बेटावर विमानाने जायला वेगळा व्हिसा लागू शकतो, त्यामुळे अनेकदा थेट अमेरिकेला परतणंच सोपं पडतं. ३:३० ला फाटकावर पोहोचायचा आग्रह मी धरते तो यासाठी.

११. क्रूझ संपल्यावर

घरी पोहोचल्यावर दोन दिवसांत अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचा आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, उघडून बघा. तारीख नवी पडली आहे की जुनीच चालू आहे, व्हिसाचा प्रकार बरोबर आहे का, नावात चूक नाही ना. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर आय-९४ ची मुदतही तेवढीच तोकडी दिलेली असू शकते, आणि ती न बघता राहिलेल्यांची स्थिती नकळत बेकायदा होते. चूक दिसली तर लगेच दुरुस्तीसाठी लिहा. आई-बाबांच्या आय-९४ ची प्रत छापून त्यांच्या पासपोर्टात ठेवा. क्रूझ दक्षिणेला त्रिनिदाद किंवा कोलंबियापर्यंत गेली असेल आणि तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत त्यांचं भारताचं विमान असेल, तर पीतज्वराच्या लशीचा दाखलाही लागतो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हा ही चौकशी तिकीट काढतानाच करा.